फ्लोरिडातलं फ्लड झोनमधलं जुनं घर: छप्पर, खिडक्या, किचनचं काम एकदमच काढायचंय, परमिटचं काय?

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी. टँपा बेच्या काठी, पिनेलस काउंटीत आमचं १९६४ सालचं काँक्रीट ब्लॉकचं बैठं घर आहे. स्लॅब थेट जमिनीवर, जोतं असं नाहीच. फ्लड झोन एई, म्हणजे सरकारी नकाशावर पुराच्या धोक्याचा पट्टा. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाच्या वेळी पाणी गराजमध्ये शिरलं आणि घराच्या उंबऱ्याशी थांबलं. दोन गल्ल्या पलीकडे लोकांचे सोफे तरंगत होते. त्याला दोन आठवडे व्हायच्या आत मिल्टन हे दुसरं वादळ आलं. त्याने पाणी नाही आणलं, पण छपराच्या बऱ्याच शिंगल्स (वरच्या आच्छादनाचे पातळ तुकडे) नेल्या. तेव्हा ठिगळं लावून घेतली होती. आता विमा कंपनीचं पत्र आलंय की छप्पर बदला, नाहीतर पॉलिसी पुढे चालू ठेवणार नाही.

छप्पर काढतोच आहोत तर बाकीचंही उरकून घ्यावं असं ठरलं. कोटेशन आली आहेत ती अशी: छप्पर २४,००० डॉलर, इम्पॅक्ट काचेच्या (वादळात उडून आलेल्या वस्तूंचा मार सोसणाऱ्या) खिडक्या आणि दारं २९,०००, किचन आणि मधली भिंत पाडून हॉल मोकळा करणं ३८,०००, आणि मागची जाळीची पडवी (इथे तिला लनाय म्हणतात) बंद करून आई-बाबांसाठी खोली ४१,०००. आई-बाबा सांगलीहून येतात ते सहा महिने राहतात. बाबांचे गुडघे गेलेत, त्यामुळे त्यांना वेगळं बाथरूम लागेल.

काँट्रॅक्टर म्हणतो, "किचनला परमिट कशाला? आतलं काम, कोण बघायला येतंय. छपराचं परमिट तुम्हीच तुमच्या नावावर ओनर-बिल्डर म्हणून काढा, मी करून देतो. एकूण बिलात १५ टक्के कमी लावतो." शेजारीण म्हणते, आधी ५० टक्क्यांचा नियम बघ, नाहीतर घर उचलावं लागेल. मला वाटलं गंमत करते आहे. कुणाला अनुभव आहे का? परमिट नक्की कशाकशाला लागतं?


दक्षिणवाला:

आम्ही ब्रॉवर्ड काउंटीत. इथे आणि मायामी-डेडमध्ये हाय व्हेलॉसिटी हरिकेन झोन (फार जोराच्या वाऱ्याचा पट्टा) आहे, त्यामुळे खिडकी असो की गराजचं दार, प्रत्येक वस्तूला मायामी-डेडचं एनओए (उत्पादनाचं मंजुरीपत्र) किंवा या झोनसाठीची राज्याची मंजुरी लागते. खिडकीवर ९ पौंडांचा लाकडी दांडका तोफेतून ताशी ३४ मैल वेगाने मारतात आणि मग तीच काच वाऱ्याच्या हजारो धक्क्यांखाली ठेवतात. काच तडकली तरी चालते, आरपार जाता कामा नये. अशा मंजुरीशिवाय काही विकत घेऊ नका. परमिट सगळ्यालाच लागतं. रंग आणि गालिचा सोडून.


काउंटरपलीकडची:

खाडीकाठ, तुमची शेजारीण शहाणी आहे. काँट्रॅक्टर बदला.

मी मूळची वेंगुर्ल्याची. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका परमिट ऑफिसात बरीच वर्षं प्लॅन्स एक्झामिनर (अर्जासोबतचे नकाशे तपासणारी) होते, आता निवृत्त. तुमच्यासारखे लोक छपराचा रंग ठरवून यायचे, टाइलचे नमुने घेऊन यायचे, आणि मी विचारायचे, "घराची किंमत किती?" की लगेच शेजारच्या घराचा विक्रीभाव सांगायचे. तो नाही हो. जमीन वगळून, नुसत्या बांधकामाची बाजारभावाने किंमत किती? काम सुरू व्हायच्या आधीची. खाडीकाठी जमीनच सोन्याची असते, तिच्यावरच्या साठ वर्षं जुन्या बैठ्या घराची किंमत बघितली की माणसं खुर्चीवर बसतात.

नियम फेमाचा (केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याचा) आहे, पण तो अमलात आणतं तुमचं शहर किंवा काउंटी, कारण राष्ट्रीय पूरविमा योजनेत राहायचं तर त्यांना तो पाळावाच लागतो. कामाचा खर्च त्या बांधकामाच्या किंमतीच्या ५० टक्के किंवा त्याहून जास्त झाला की ते "सब्स्टॅन्शियल इम्प्रूव्हमेंट". मग सगळं घर आजच्या पूरनियमात बसवायचं. एई झोनमध्ये त्याचा अर्थ राहत्या घराची सगळ्यात खालची फरशी नकाशावरच्या पूरपातळीच्या वर किमान एक फूट. काही शहरं त्याहून जास्त मागतात. जमिनीवर स्लॅब असलेलं घर तिथवर न्यायचं तर जॅक लावून उचलायचं किंवा पाडून नवीन बांधायचं. खाली उरेल त्या जागेत गाडी, अडगळ आणि जिना, बस. त्या भिंतींनाही पाणी आत-बाहेर जायला झरोके लागतात, बंदिस्त जागेच्या एका चौरस फुटामागे एक चौरस इंच.

खर्चात काय धरायचं, यावर काउंटरवर रोज भांडणं. मजुरी धरतात. स्वतः केली तरी बाजारभावाने धरतात. मेहुण्याने टाइल फुकट दिल्या तरी त्यांची किंमत धरतात. तोडफोड, काँट्रॅक्टरचा नफा, विक्रीकर, भिंतीला ठोकलेली कपाटं, एसी, सगळं आत. नकाशांची फी, परमिटची फी, कुंपण, ड्राइव्हवे, प्लग लावून चालणारं वॉशिंग मशीन हे बाहेर. आणि लोकांना सगळ्यात जिव्हारी लागतं ते हे: वादळापासून घर वाचवायला केलेलं छप्पर आणि खिडक्यासुद्धा आत.

आता तुमची बेरीज करा. २४, २९, ३८, ४१ मिळून १,३२,००० डॉलर. काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरच्या (मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्याच्या) साइटवर तुमच्या घराच्या पानावर बांधकामाचा आकडा वेगळा असतो. तो इथे टाका, मग पुढचं बोलू.

ओनर-बिल्डरबद्दल: फ्लोरिडाच्या कायद्यात ती सवलत आहे, पण जो मालक स्वतः राहायच्या घराचं काम स्वतः उभं राहून करवून घेतो त्याच्यासाठी. सही करताना जे निवेदन पुढे ठेवतात ते एकदा शांतपणे वाचा. वर्षाच्या आत घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. बिनपरवाना माणूस छपरावरून पडला तर मालक म्हणून तुम्ही अडकता. परवाना असलेला रूफर स्वतःच्या नावावर परमिट काढतो, त्याला त्यात काही अवघड नसतं. ज्याला अवघड वाटतं त्याचा परवाना डीबीपीआर या राज्याच्या परवाना खात्याच्या साइटवर तपासा. रूफरचा नंबर सीसीसीने सुरू होतो, निवासी काँट्रॅक्टरचा सीआरसीने, जनरलचा सीजीसीने. नाव शोधून काही निघालं नाही तर १५ टक्के कशातून कमी होतात ते कळेल.

दक्षिणवाला, तुमचं तुमच्याकडे बरोबर. पिनेलस त्या झोनमध्ये नाही, तिथे राज्याचा फ्लोरिडा प्रॉडक्ट अप्रूव्हल नंबर पुरतो. मायामीचं एनओए असेल तर उत्तमच.


पोफळीची_वाडी:

परदेशातला विषय आहे, तरी विचारतो. आम्ही दिवेआगरचे. ३ जून २०२० ला निसर्ग आमच्या डोक्यावरूनच गेलं. कौलं, पत्रे, वाडीतल्या पोफळी, काही उरलं नाही. त्यानंतर गावात बहुतेकांनी पत्रे नव्याने हूक-बोल्टने आवळले आणि संपला विषय. कुणी कागद मागितला नाही. अमेरिकेत खिळा कुठे मारायचा याचंसुद्धा सरकार बघतं म्हणजे जरा अतीच नाही का?


काउंटरपलीकडची:

दादा, खिळ्याचं सांगते. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू वादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडजवळ आलं. त्या भागाचा बांधकाम कायदा तेव्हाही कागदावर देशातल्या कडक कायद्यांपैकी होता. वादळानंतर पाहणी करणाऱ्यांना वसाहतीच्या वसाहती उघड्या पडलेल्या दिसल्या. छपराचं प्लायवुड खिळ्यांऐवजी स्टेपलने ठोकलेलं, आणि कित्येक स्टेपल खालच्या लाकडाला लागलेच नव्हते, बाजूने हवेत गेले होते. वरून शिंगल्स घातल्यावर कुणाला दिसणार? प्लायवुड गेलं की पाऊस आत, छत खाली, आणि वरचा आधार गेल्यावर भिंती डोलायला लागतात. त्यातून २००२ मध्ये सगळ्या राज्याला एकच फ्लोरिडा बिल्डिंग कोड लागू झाला.

म्हणून खाडीकाठ यांच्यासारख्या २००२ च्या आधीच्या घराचं छप्पर बदलताना जुन्या शिंगल्स काढल्यावर प्लायवुड पुन्हा ठोकायचं, अंगावर गोल कडी असलेल्या (रिंग-शँक) आठ-डी मापाच्या खिळ्यांनी, दोन खिळ्यांत ६ इंचांपेक्षा जास्त अंतर नको. मग प्लायवुडच्या जोडांवर पाणी अडवणारी पट्टी किंवा अख्ख्या छपरावर चिकटणारा थर. शिंगल्स उडाल्या तरी पाणी आत येऊ नये म्हणून. आणि घराची विमा रक्कम कोडमधल्या ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर छप्पर आणि भिंत यांच्यातले लोखंडी पट्टे वाढवायचे, पण त्याचा खर्च छपराच्या खर्चाच्या १५ टक्क्यांपुरताच. हे सगळं झाकायच्या आत इन्स्पेक्शन. काही ठिकाणी रूफरचे फोटो आणि शपथपत्र चालतं. मला विचाराल तर त्या दिवशी घरी थांबा आणि स्वतःही फोटो काढून ठेवा.

दिवेआगरला पत्रा आवळलात ते छानच. पण पत्रा ज्या वाशाला आवळला तो वासा भिंतीला कशाने धरला आहे? माझ्या वेंगुर्ल्याच्या माहेरच्या घरात नुसता ठेवलेला होता.


पोफळीची_वाडी:

आमच्याही. उद्या वर चढून बघतो.


दोन_मजले_वर:

आमच्या घरात हेलीनचं पाणी साडेतीन फूट होतं, म्हणून आमची गोष्ट तुमच्याहून वेगळी, पण सांगतो. वादळानंतर शहराचे लोक गल्लीतून फिरले आणि थोड्या दिवसांनी पत्र आलं: सब्स्टॅन्शियल डॅमेज. म्हणजे घर पूर्वीसारखं करायला लागणारा खर्च बांधकामाच्या किंमतीच्या निम्म्याहून जास्त. यात एक खोच आहे. "आम्ही फक्त भिंतीच नीट करतो, किचन पुढच्या वर्षी" असं म्हणून सुटका नाही. तुम्ही किती करता ते धरत नाहीत, पूर्ण दुरुस्तीला किती लागेल ते धरतात.

परवानाधारक अप्रेझरकडून फक्त बांधकामाची किंमत काढून घेतली. ती काउंटीच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त आली, तरी आम्ही रेषेच्या पलीकडेच राहिलो. शेवटी घर उचललं. पूरविम्यात इन्क्रीज्ड कॉस्ट ऑफ कम्प्लायन्स म्हणून एक भाग असतो, त्यातून ३०,००० डॉलर मिळाले. उचलायच्या खर्चात ते कुठल्या कुठे गेले. आता बाजाराच्या पिशव्या घेऊन जिना चढतो आणि आई फोनवर विचारते, "तुमचं घर झाडावर आहे का रे?"

खाडीकाठ, तुमच्या घरात पाणी शिरलेलं नाही. तुमच्या हातात अजून निवड आहे. अप्रेझल करून घ्या.


लिस्टिंगवाली:

मी टँपा भागात घरं विकते. विनापरमिट कामाबद्दल एवढंच सांगते की घर विकताना म्युनिसिपल लीन सर्च (घरावरच्या बोजांचा शोध) होतो आणि उघडी राहिलेली परमिटं, कोडच्या नोटिसा तिथे दिसतात. विनापरमिट किचन त्यात दिसत नाही, ते खरेदीदाराच्या इन्स्पेक्टरला दिसतं. मग भिंती उघडून, इंजिनिअर आणून परमिट मागाहून काढायचं, तेही वाढीव फी भरून. गेल्या वर्षी एक सौदा एवढ्याशा वॉटर हीटरवर मोडला.

शिवाय हे तुमच्या एकट्याचं राहत नाही. २०२२ च्या इयन वादळानंतर ली काउंटीत विनापरमिट कामं फार झाली, म्हणून २०२४ मध्ये फेमाने तिथल्या पाच ठिकाणांची पूरविम्यावरची २५ टक्के सवलत काढायची नोटीस दिली. बाकीच्यांची वाचली, फोर्ट मायर्स बीचची गेली. गावातल्या नियम पाळणाऱ्यांचेही हप्ते वाढले.


खाडीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काउंटीच्या पानावर बांधकामाची किंमत १,७२,००० डॉलर दिसते. म्हणजे रेषा ८६,००० वर, आणि आमची बेरीज १,३२,०००. बायकोने आकडा बघून चहा खाली ठेवला.

डीबीपीआरवर त्या काँट्रॅक्टरचं नाव शोधलं. सापडलं नाही. त्याला नाही म्हणून कळवलं.

एक प्रश्न: छप्पर आणि खिडक्या यंदा, किचन पुढच्या वर्षी, पडवी त्यानंतर, असं तोडलं तर?


काउंटरपलीकडची:

हा प्रश्न येणारच होता. काम एकच आणि परमिटं तीन असा मामला असेल तर एक्झामिनर ते जोडतो, आम्ही जोडायचोच. एकाच काँट्रॅक्टरचं एकाच तारखेचं कोटेशन, त्यात पहिला टप्पा, दुसरा टप्पा लिहिलेलं, आणि माणूस म्हणतो वेगळी कामं. खरोखर वेगळी कामं वेगळ्या काळात केली तर गोष्ट वेगळी. पूर्वी काही गावं मागच्या काही वर्षांचे सगळे खर्च एकत्र धरायची, अशी साठवून बेरीज करायला २०२५ च्या राज्य कायद्याने मनाई केली. तरीही काहीही सही करायच्या आधी तुमच्या शहरात पूरनियम बघणाऱ्या फ्लडप्लेन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला ईमेल करा, तोंडी विचारू नका. उत्तर छापून ठेवा.

पडवीचं मला पहिल्यापासून पटलेलं नाही. लनायचा स्लॅब बहुधा घराच्या स्लॅबपेक्षा एक पायरी खाली असतो, म्हणजे तुमच्या घरात पाणी यायच्या आधी ते आई-बाबांच्या खोलीत येणार. वरचं अ‍ॅल्युमिनियमचं छप्पर आणि खालचा पातळ स्लॅब जाळीसाठी केलेला असतो, त्यावर ब्लॉकची भिंत चढवायची तर पाया नव्याने घ्यावा लागतो. ४१,००० मध्ये तो धरला आहे का? मला नाही वाटत. गुडघे गेलेल्या माणसाला घरातली असलेली बेडरूम द्या आणि तिच्या बाथरूमचा टब काढून सपाट शॉवर करा. त्यालाही प्लंबिंगचं परमिट लागेल आणि तो खर्चही बेरजेत जाईल, पण पडवीच्या मानाने लहान.

किचनची मधली भिंत: १९६४ च्या ट्रसवाल्या (छप्पर त्रिकोणी कैच्यांवर असलेल्या) घरात आतल्या भिंतीवर बऱ्याचदा भार नसतो. "बऱ्याचदा" या शब्दावर कुणी परमिट देत नाही, इंजिनिअरचं शिक्क्याचं पत्र लागतं.

खिडक्यांचं दक्षिणवाल्यांनी सांगितलं, त्यात भर. प्रत्येक उघड्या जागेवर वाऱ्याचा दाब आणि ओढ वेगळी मोजतात. घराच्या कोपऱ्याजवळच्या खिडकीवर ओढ जास्त. परमिटच्या अर्जात त्या खिडकीचा आकडा आणि उत्पादनाचा आकडा शेजारी शेजारी दिसला पाहिजे. आणि स्क्रू काँक्रीटमध्ये किती खोल गेलेत ते बाहेरचं प्लास्टर होण्याआधी दाखवायचं. विम्यात सवलत हवी असेल तर एकही भोक सोडू नका. मोठ्या खिडक्या सगळ्या इम्पॅक्टच्या आणि गराजचं दार जुनं पत्र्याचं, असं मी शेकड्याने पाहिलंय. वारा त्याच दारातून आत घुसतो आणि छप्पर आतून वर ढकलतो. विमा कंपनीही तेवढंच बघून सवलत नाकारू शकते.


दक्षिणवाला:

माय सेफ फ्लोरिडा होमचं अनुदान पण बघा. तुमच्या १ डॉलरला राज्याचे २, जास्तीत जास्त १०,०००. आता मिळकतीची अट आहे आणि पैसे लवकर संपतात. मंजुरी यायच्या आधी काम सुरू केलं तर मिळत नाही.


खाडीकाठ:

कळवायला उशीर झाला. स्वतंत्र अप्रेझल करून घेतलं. बांधकामाची किंमत २,१०,००० आली आणि शहराने ती मान्य केली. म्हणजे रेषा १,०५,०००. पडवी रद्द. छप्पर, खिडक्या, किचन मिळून ९१,०००, आणि गराजचं दार धरून ९४,०००. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, मला कुठे स्वतंत्र खोली हवी होती, तुझ्या आईला हवी होती.

नवीन रूफरला परवाना आहे. करार ठेवलाय समोर, तो ३० टक्के आगाऊ मागतो. द्यावेत का?


काउंटरपलीकडची:

१० टक्क्यांपेक्षा जास्त घेतले तर कायद्याने त्याला ३० दिवसांत परमिटचा अर्ज करावा लागतो आणि परमिट मिळाल्यापासून ९० दिवसांत काम सुरू करावं लागतं. करारात हे लिहून घ्या. चांगला असेल तर हरकत घेणार नाही.

नोटीस ऑफ कमेन्समेंट (काम सुरू होत असल्याची नोटीस) विसरू नका. ५,००० डॉलरच्या वरच्या कामाला ती क्लार्क ऑफ कोर्टकडे नोंदवायची आणि पहिल्या इन्स्पेक्शनच्या आधी प्रत जागेवर लावायची. तुम्ही रूफरला पूर्ण पैसे दिले आणि त्याने शिंगल्सवाल्याचे दिले नाहीत, तर शिंगल्सवाला तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो. या नोटिशीमुळे कोण कोण माल पुरवतंय ते तुम्हाला कळतं. दर हप्त्याला त्यांच्याकडून लीन रिलीज (त्या पैशांसाठी बोजा चढवणार नाही असं लेखी) घ्या, मगच पुढचा चेक.

तुमच्याकडे रेषेपर्यंत ११,००० उरलेत. ते आतल्या सजावटीत घालू नका. जुनं छप्पर उघडलं की कुजलेलं प्लायवुड निघतंच, ते शीटमागे वेगळं लावतात आणि ते पैसेही बेरजेत जातात. चेंज ऑर्डर (करारातल्या कामात बदलाचा कागद) आली की तीच बेरीज पुन्हा करा.

छपराचं परमिट सगळ्यात आधी काढा, जूनच्या आत काम आटोपलेलं बरं. १८० दिवसांत एकही इन्स्पेक्शन झालं नाही तर परमिट मरतं, आणि लिस्टिंगवालीने सांगितलेल्या यादीत ते तसंच पडून राहतं. फायनल पास झाल्यावर विंड मिटिगेशन इन्स्पेक्शन (विम्यातल्या सवलतीसाठी घर वाऱ्याला किती टिकेल याची तपासणी) करून घ्या, फॉर्मचं नाव ओआयआर-बी१-१८०२. त्यात खिळ्यांचे फोटो लागतात. ते तुम्ही काढून ठेवलेले असतीलच.